अकरावं जाळं

अडीचला उजाडतं इथे,
किंवा मावळलेलंच नसतं, कोण जाणे.
रबरी बूट चढवून मी फळकुटांच्या वाटेनं निघते.
दोन्ही बाजूंना बोरू, मधे डुचमळणारी एस्टोनियाची जमीन,
जी अजून ठरवतेय, समुद्र व्हायचं की नाही.

अकरा जाळी. पहिली दहा शहाणी.
अकरावं हेल्दुरनं लावलेलं, सत्तावीस वर्षांपूर्वी,
अल्डरची राई आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळीत.
"तिथे काहीही येतं," एवढंच म्हणायचा.

जूनमध्ये मूसची मादी आली, मागे लटपटतं पिल्लू.
थांबली नाही.
जाळं कपाळावर मुंडावळ्यांसारखं मिरवत
राईत शिरली.
दोन खांब, तिसऱ्या दिवशी, अर्ध्या मैलावर सापडले.

जाळं माइमूनं सांधलं.
जन्मभर पर्च माशांची जाळी ओवलेल्या तिच्या बोटांना
हे केसासारखं सूत दिसत नाही,
म्हणून ती डोळे मिटून शिवते.
"त्या पाखरानं मागितला होता का नंबर?"
दर वर्षी विचारते.
दर वर्षी मी म्हणते, नाही.
मग ती गाठीचा धागा दातानं तोडते.

आधी पाय सोडवायचे, मग पंख, डोकं शेवटी.
मान दोन बोटांच्या बेचक्यात, पाठ तळव्यावर.
मानमोडी हातात सापासारखी फुत्कारते.
शंकर गप्प असतो, निळा गळा तेवढा धडधडतो.
पोटावर हलकी फुंकर घातली की पिसं दुभंगतात,
आत प्रवासाची चरबी,
लोण्याच्या बोटाएवढी, पिवळी.
वजनाला पक्षी फिल्मच्या जुन्या डबीत, डोकं खाली.
फोटो कुणी काढत नाही त्या फिल्मवर आता,
डब्या मात्र हेल्दुरनं पुरतील तितक्या ठेवल्यात.

वटवट्या साडेअकरा ग्रॅमचा.
ऑगस्ट लागला की निघतो आग्नेयेला,
तिथे हेल्दुर कधी गेला नाही, मीही नाही.
भिंतीवरचा नकाशा नेमका तिथेच घडीत फाटलाय.

नऊ जुलै, सकाळची सहाची फेरी.
अकराव्याच्या खालच्या खणात
माझ्याआधी स्टोट येऊन गेला होता.
वीतभर जनावर. किती नीटनेटकं खातं.
एक पाय राहिला होता सुतात अडकून,
पायात कडं.
माझं नव्हतं.
ॲल्युमिनियम पातळ झालेलं, कडा धारदार,
शेवटून दुसरा आकडा तीन की आठ, भिंगातूनही कळेना.

जुन्या वहीत दोन्ही होते. अक्षर हेल्दुरचं,
सहा वर्षांपूर्वीचं, हात कापायला लागण्याआधीचं.

रविवारी बसनं हाप्सालुला गेले.
तो खिडकीशी, गुडघ्यांवर घोंगडी, जुलैत.
कडं तळव्यावर घेतलं,
बघितलं नाही, अंगठ्यानं फिरवलं.
"आठ," म्हणाला. "तीनची मादी होती,
ती परत आली नाही."
मग बराच वेळ बाहेर सीगल भांडत होते.
"कुठे सापडला?"
अकराव्यात.
"वजन?"

वहीत मी लिहिलं होतं: मृत. वजनाच्या रकान्यात रेघ.
साडेअकरा, म्हटलं.
"म्हणजे खाऊन-पिऊन होता," हेल्दुर म्हणाला,
आणि कडं मला परत दिलं,
दुकानदार सुट्टे पैसे देतो तसं.

दुसऱ्या पहाटे मी अकरावं सोडून घेतलं,
खालचा खण जमिनीपासून हातभर वर बांधला.
गुडघे चिखलात, गाठ जमेना,
माइमूसारखे डोळे मिटून पाहिले, तरी जमेना.

उघडले तेव्हा फळकुटावर तो उभा होता,
मागच्या दोन पायांवर, पांढरी छाती पुढे,
माझ्या हातांकडे बघत,
शिकत.