रावणाची आतली बाजू

बोहाड्याची वही माझ्याकडे असते.
गणपती कुणाचा, सारजा कुणाची,
टेंभ्याला तेल किती, संबळवाल्याला काय ठरलं,
सगळं माझ्या अक्षरात.
नाचलो कधीच नाही.
नाचणाऱ्याला वही सांभाळता येत नाही, म्हणायचो.
खरं म्हणजे लाज.

रावण भोयांचा, पिढीजात.
वीस वर्षं नवसू भोये दहा तोंडं एका मानेवर घेऊन
पहाटे तीनला पारावरून उतरतो,
आणि गोधडीत झोपलेली पोरं
कुणी न हलवता उठून बसतात.

यंदा त्याचा फोन आला, पाण्याच्या टाकीवर.
आमच्या पाड्याला रेंज तिथंच, म्हणून सणासुदीला
एक पोर टाकीवर बसवलेलंच असतं.
दिंडोरीहून बोलत होता :
कंटेनर भरायचाय, मुकादम सोडत नाही,
द्राक्षं थांबत नाहीत म्हणतो.
मग जरा वेळ नुसता पंख्यांचा आवाज.
मग : डावीकडचं तिसरं तोंड सुटलंय, बघा.

सुटलं होतंच.
जिवला महालेनं मुखवटा उताणा घेतला मांडीवर,
चिंचोक्याची खळ, फाटकं धोतर, लाल रंगाची वाटी,
मला म्हणाला, गुरुजी, बॅटरी धरा.

आतून पाहिलं तर सगळा कागद,
घाम पिऊन पिऊन चहाच्या रंगाचा झालेला.
तंबाखूचा वास. कपाळाच्या जागी लुगड्याची घडी.
ती उचलली तर खाली निळ्या रेघा :
आमच्याच शाळेचं हजेरीपत्रक.
मीच दिलं असणार कधीतरी रद्दीत
जिवलाच्या बापाला, एका कोंबडीवर.

भोये नवसू सोमा.
आषाढात ह, श्रावणात ह,
दिवाळीनंतर गै गै गै गै,
होळीपर्यंत सरळ रांगेत,
प्रत्येक गै ची मात्रा कशी डौलदार.
त्या वर्षी तालुक्यात माझ्या अक्षराला बक्षीस होतं.
कुठल्या बागेत होता तो तेव्हा, कुणाच्या कडेवर,
मी विचारलं नव्हतं.
रकाना भरायचा होता, भरला.

बॅटरी हलते, जिवला म्हणाला. नीट धरा.

रावणाला उपाशी ठेवत नाहीत.
नवसूचा पोरगाही तिकडेच, खोकी चिकटवतो.
बाकीचे पायांकडे बघू लागले.
जिवलानं माझं डोकं दोन्ही हातांनी मापलं,
भोपळा पारखावा तसं,
आणि म्हणाला, बसतंय.

मुखवट्यातून गाव दिसत नाही,
मधल्या तोंडाच्या दातांमधून तुकडे दिसतात :
टेंभ्याची ठिणगी, पाय,
कुणाची तरी उलटी पडलेली चप्पल.
संबळ सुरू झाला आणि बासष्ट वर्षांच्या गुडघ्यांना
कुणी काही विचारलं नाही.
ओला रंग गालावरून उतरत होता.
गर्दीतून म्हातारी यसूबाई ओरडली, दरसाल ओरडते तशी,
नवसू, इकडं बघ रं!
मी वळलो.
टाकीवरच्या पोरानं मोबाईल हात उंच करून धरला होता.
तिकडे किती पोचलं कोण जाणे. बॅटरी दोन टक्के होती म्हणतो.

सकाळी राख झाडली, नारळाचे तुकडे गोळा केले,
वही उघडली.
तेल साडेचार लिटर. सनईवाल्याला अकराशे, जेवण वेगळं.
म्हसोबाच्या वाटेवरचा बल्ब फुटला, तो कुणाच्या नावावर?
रावण :
इथं पेन थांबला.

शाळेत मधल्या सुट्टीनंतर धापा टाकत येणाऱ्याचा
मी लाल शाईनं ह करायचो.
लाल पेन नव्हता.
अंगठ्याला रंग होता, अजून ओलाच.
नवसूच्या नावापुढं टेकवला.
थोडा फराटला.
अक्षर पहिल्यासारखं राहिलं नाही.