चुकीच्या घरांचा उंट

वडगावच्या बाजार गल्लीत लाईट गेली की
आधी माग थांबतात, मग माणसं.
कानात थोडा वेळ खटखट राहते.
तीही जाते,
आणि हुद्दार मास्तर पायरीवर पट अंथरतात.

एकेकाळी जिल्ह्यात तिसरे आलेले,
धारवाडला खेळून कप आणलेला.
मी कांड्या भरणारी.
घोडा अडीच घरं चालतो
हे याच पायरीवर शिकले, तिशी उलटल्यावर.
सहा वर्षांत एकशे नव्वद डाव,
एकशे नव्वद वेळा मात.
मोजते मी. कांड्या मोजायची सवय.

आज वजीर लवकर गेले, दोन्हीकडचे.
मग हत्ती.
मग माझा घोडा, अगदी फुकटचा.
उरला त्यांचा राजा, एक उंट
आणि कडेच्या पट्टीतलं प्यादं.
प्यादं म्हणजे आमच्याच कारखान्यातली रिकामी कांडी;
खरं गटारात पडलं त्याला वर्ष झालं.
माझा नुसता राजा.

बाबू सातपुते म्हणाला,
"संपलं की गा आक्का, चहा सांग."
मी उठणारच होते.
दुसरीकडं जायला जागा नव्हती म्हणून
राजा कोपऱ्यात नेला,
आणि तिथं गेल्यावर दिसलं:
कोपरा काळा,
त्यांचा उंट पांढऱ्या घरांवरचा.
जन्मभर फिरला तरी
या घरावर त्याची नजर पडायची नाही.

मास्तरांना ते माझ्याआधी दिसलं होतं.
किती आधी, मी विचारलं नाही.

कोपऱ्यातून शेजारी, शेजारून कोपऱ्यात,
धोट्यासारखी मी.
त्यांनी कांडी सरकवली, मागून राजा आणला,
उंट एकदा लांब पाठवून बघितला,
परत बोलावला.
कांडी शेवटच्या घराच्या एक घर अलीकडं,
मला शह नाही
आणि हलायला घर नाही.

मास्तर पटाकडं बघत राहिले.
चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत बघितलं.
"सम आतु," म्हणाले.
आमचे हे भजनात तबला वाजवायचे,
त्यामुळं मला आधी ती सम ऐकू आली,
कानडीतली बरोबरी मागून समजली.

तेवढ्यात लाईट आली.
समोरचा माग सुरू झाला, मग त्याच्या पलीकडचा.
बाबूला काही सांगायचं होतं, ऐकू आलं नाही.
मास्तरांनी सोंगट्या पिशवीत भरल्या.
कांडी पायरीवरच राहिली.
मी उचलली,
आणि सवयीनं
सूत उरलंय का बघितलं.