इतर

सेलूच्या मोंढ्याजवळ माझं दुकान.
दुकान म्हणजे एक मशीन, एक आरसा
आणि वह्यांमधून हजारेक बायकांची छाती, कंबर, मुंढा.
माझं माप त्यात कधीच नव्हतं.
ऑपरेशननंतर पहिल्यांदा घेतलं.
उजवीकडे टेप सपाट गेली.
आकडा लिहिला, वही मिटली.

समीक्षानं, माझ्या पुतणीनं, मोबाईलात ॲप टाकून दिलं.
"काकू, रोज सकाळी याला सांगायचं."
काय सांगायचं?
"कसं वाटायलंय ते."
बत्तीस वर्षं बायका मला सांगतात कसं वाटायलंय,
दातात टाचण्या धरून मी नुसतं हूं हूं करते.

पाच चेहरे आहेत त्यात, गोल, पिवळे,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.
माझ्यासारखा एकही नाही. मधला दाबते.
रेडिमेडचं असंच असतं,
जवळच्या साइजवर बोट ठेवायचं.

बाराला ते वाजतं: पाणी प्या.
नळ येऊन आज आठवा दिवस.
टाकीत डोकावून अर्धा ग्लास पिते
आणि पुऱ्या ग्लासावर खूण करते.
एवढा दाब तर मी प्रत्येक ब्लाऊजात सोडते.

उलटी झाली का. किती वेळा.
झोप. भूक. संडास.
इतकं सरळ कुणी सख्ख्यानंही विचारलं नाही.
याच एका गोष्टीसाठी ते मला आवडतं:
मला बघून त्याचं तोंड उतरत नाही.

सगळ्यात खाली एक रिकामा चौकोन, इतर.
तिथं मी लिहायला लागले.
जिभेला तांब्याची चव यायलीय.
तोष्णीवालबाईंच्या सुनेचा लेहंगा दिला, पैसे यायचेत.
गाडीत जालन्यापर्यंत उभी होते,
डोक्याला रुमाल होता तरी कुणी सरकलं नाही.
तांड्यावरची जमनाबाई म्हणाली, केस येतील, कुरळे येतील.
कुणी वाचत असेल असं वाटलं नव्हतं.
वहीच्या मागच्या पानावर करावा, तसला हिशोब.

पोळ्यानंतर उजव्या हातातली बांगडी
मागं सरकेना.
दुखत नव्हतं, म्हणून त्याला चेहराही नव्हता.
गळ्यातली टेप काढली.
दंड, कोपराच्या चार बोटं वर: साडेदहा इंच.
डावा पावणेदहा.
लिहिलं.
आठ दिवसांनी पावणेअकरा.
"बाही उसवायला घ्यावी लागणार," असंही लिहिलं.

संध्याकाळी फोन. दवाखान्यातून, सिस्टर मोहसिना.
"ताई, ही मापं कुणी घेतली?"
मी म्हणलं, मीच. त्याच जागी, त्याच वेळेला.
ती जरा थांबली.
"सूज आहे ही. बाकीच्या बायका
हाताचा खांब झाला तरी सांगत नाहीत.
परवाच्या गाडीनं या. त्या हातानं घागर उचलू नका."
मग हळूच,
"लेहंग्याचे पैसे दिले का त्यांनी?"

पट्ट्या बांधल्या. व्यायाम शिकवला:
भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढायचं,
रोज एक वीट वर.
माझ्या भिंतीला प्लास्टर नाही, ते कामाला आलं.

दिवाळीत ॲप आपोआप बदललं.
रंग निराळा, चेहरे तेच.
झोप आणि भूक यांच्या मधोमध नवी ओळ:
दंडाचा घेर. उजवा. डावा.
खाली बारीक अक्षरात,
कोपराच्या चार बोटं वर मोजा.

त्या चार बोटांकडे बराच वेळ बघत बसले.
कुठं कुठं, कोण कोण
आत्ता बाही वर सारून
आपली चार बोटं ठेवत असेल.
मागतं मात्र सेंटिमीटरमधे.
इंचाच्या बाजूनं झिजलेली माझी टेप
मी उलटी करून गळ्यात घातली.

इतर अजून आहे.
आज लिहिलं:
पैसे आले. दोनशे कमी दिले.