कच्चा टाका

फोल्डरचं नाव 'चालू काम'.
आत एकसष्ट फायली,
सगळ्या आठ-आठ बारच्या.
आठ बार झाले की गाणं पुन्हा पहिल्यावर येतं
आणि मीपण.

किक बदलतो. आधीची बरी होती.
आधीची परत आणतो. ती आता बरी वाटत नाही.
मग वायरी गुंडाळतो, रंगाप्रमाणे लावतो,
कीबोर्डच्या फटीतली सेव टाचणीने काढतो,
सेवेवरून आठवतं, सेव-उसळ खाऊन येऊ,
मग बसू सलग.
सुरसागरला एक फेरी मारतो.
पाण्याकडे बघत ठरवतो, रिव्हर्ब कमी करायचा.
घरी येऊन वाढवतो.

दांडिया बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलंय,
अल्बम येतोय.
त्याला तीन नवरात्री झाल्या.
पानवाले जयंतीभाई आता विचारत नाहीत,
पानाला चुना जरा जास्त लावतात फक्त.

खालच्या मजल्यावर विजूबेन मोहिते.
मराठीच, पण चाळीस वर्षं चणियाचोळ्या शिवून
अख्ख्या गल्लीची बेन झालेली.
भाद्रपद सरताना तिच्याकडे पाय ठेवायला जागा नसते.
आरसे, गोटा, कोपऱ्यात रुसून बसलेली कुणाची तरी मुलगी.
'उद्या ये, उद्या' तीही म्हणते सगळ्यांना,
पण तिचा उद्या येतो.
घट बसायच्या आत यावाच लागतो.

रात्री पावणेबाराला ती वर आली.
वाटलं, आवाजाची तक्रार.
दारातच उभी राहिली, गळ्यात टेप,
ओठांतल्या टाचण्या काढून तळहातावर घेतल्या, म्हणाली,
"हेरंब, तू ते वाजवतोस ना, टुंग टुंग टुडुंग,
एकवीस दिवस ऐकतेय मी छतातून.
पुढे काय होतं त्याचं?"

मी म्हटलं, अजून फायनल नाही, बेसचा टोन जरा
"टोन राहू दे. पुढे काय होतं?"

मला माहीत नव्हतं.
एकवीस दिवस मी उंबरा घासत होतो
आणि आत घर बांधलंच नव्हतं.

तिने हातातली बाही पुढे केली.
लाल कापडावर पांढरा दोरा,
लांब, वाकडे, निर्लज्ज टाके.
"हे कच्चे. अंगावर बसतं का बघायला.
उसवायचेच आहेत, म्हणून तर भराभर घालते.
हेच देखणे घालत बसले
तर पोरगी अष्टमीला बिनबाहीची नाचेल."
हसली, हसता हसता खोकली,
आणि जिन्यातला दिवा गेलाय, तो कधी लावणार
असं विचारून अंधारात उतरून गेली.

मी नववा बार घातला.
वाईट होता.
दहावा त्याहून.
सोळाव्यापाशी ढोल अडखळला, राहू दिला.
अंतऱ्याला शब्द नव्हते,
फाटक्या आवाजात नुसतं ना ना ना म्हटलं,
मागे कुत्रं भुंकलं, तेही आलं आत.
हात दोनदा पहिल्या बारकडे गेला.
दोनदा मांडीखाली दाबून बसलो,
शाळेत मार चुकवायला बसायचो तसा.

चार वाजून दहा मिनिटांनी गाणं संपलं.
चांगलं वगैरे झालं असं नाही म्हणत.
संपलं.
तीन मिनिटं बावन्न सेकंद
आणि त्यानंतर एक शांतता
जी मी टाकली नव्हती.
खाली मशीन चालूच होतं.

सकाळी तिच्या कानात इअरफोन घातले.
काज करता करता ऐकलं तिने, मान न हलवता.
मध्येच थबकली. "कुत्रं आपल्याच गल्लीतलं ना?"
हो.
"मग ठेव."
आणि ढोल?
तिने दाताने दोरा तोडला.
"उसव."

वर येताना तिसऱ्या पायरीवर ठेचकाळलो.
बल्ब आणलाय मी.
खिशातच आहे, परवापासून.