चकाकी मारणे

मेरगू सर म्हणाले, "बंदेनवाज, आधी चकाकी मारा."
मी लाखेची बाटली काढली, कापसाचा बोळा काढला.
"तसं नव्हे ओ. मारा म्हणजे मारून टाका."

एकतीस वर्षं मी पॉलिश मारतोय.
देव्हारे, दिवाण, अशोक चौकातल्या एका डॉक्टरचं टेबल,
ज्यात त्यांना स्वतःचा भांग दिसायचा.
आणि इथं अक्कलकोट रोडला,
टॉवेलच्या कारखान्यामागच्या पत्र्याच्या शेडात
विमानाचा एक पंख आडवा पडलेला,
फासळ्या मोजता येतील असा,
आणि मला सांगणं, की याचं तेज उतरव.

तीनशेवीस नंबरचा कागद. कोरडा.
हात हलका, लाकडाच्या रेषेनं, आडवा कधीच नाही.
काचेसारखं व्हार्निश हळूहळू
निवलेल्या ताकासारखं पांढुरकं झालं.
कापडाला जे औषध लावतात ते व्हार्निश खातं,
सर सांगत होते, म्हणून मध्ये हा रंग,
राखणीला. आणि गुळगुळीतावर तो उभा राहत नाही.

पण तूस!
सोलापुरात हवेलाही सूत सुटतं.
शेजारचे माग चालू असले
की ओल्या रंगावर येऊन बसतं, पाय रोवून.
आम्ही मागांच्या सुट्टीपर्यंत थांबलो.
पहाटे साडेचारला फरशीवर पाणी मारलं
(हे मारणं म्हणजे शिंपडणं),
थिनरच्या फडक्यानं फासळी न् फासळी पुसली.
आठच्या आत आटपायचं. मग पत्रा तापतो,
कुंचल्याखालीच रंग ओढायला लागतो.

नवी कापलेली टोकं आधी.
लाकूड टोकाकडून पितं,
तिथं व्हार्निशचे तीन हात, चार हात, नको म्हणेपर्यंत.
पाणी निथळायच्या भोकांतून
काडीला कापूस गुंडाळून फिरवला,
लेकराचा कान पुसावा तसा.
जिथं पुढं सरस लागणार तिथं चिकटपट्टी.

"आतून कोण बघणार, सर?"
"कुणीच नाही. कापड चढलं की संपलं."
म्हणाले, आणि बॅटरी पुन्हा कोपऱ्यात धरली.

डबा आधी तराजूत ठेवला होता, नंतर परत ठेवला.
साडेतीनशे ग्रॅम.
"हेही उचलायचंय वर," वहीत लिहीत बोलले.
मी जन्मात रंग तोलला नव्हता.
त्या डॉक्टरच्या टेबलावर किती किलो चढवला असेन,
अल्ला जाणे.

दुपारी बघतो तर सहाव्या फासळीवर
एक तूस. माग बंद, दार बंद, तरी.
वाळून बसलेलं. नखानं काढावं तर खड्डा पडणार.
सर चष्मा कपाळावर सारून खाली वाकले.
त्यांचे वडील मागावरच गेले, खोकत,
हे मला शेडच्या वॉचमनकडून कळलेलं.
बराच वेळ वाकलेलेच होते.

"किती ग्रॅम धरायचं, सर?" मी विचारलं.

वही उघडी होती, पेन हातात होतं.
त्यांनी काही लिहिलं नाही.