गळती

मंगळवारी सकाळी दात घासताना
डावा कान गेला.
दुखला नाही, वाजला नाही.
दुकानदार चिठ्ठी न लावता
शटर ओढून निघून जातो, तसा.

कुमुदिनी म्हणाली, मळ असेल.
भाचा म्हणाला, लसणाचं तेल घाला.
तिडके कॉलनीतल्या डॉक्टरनं
ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवला.
सगळा आवाज उजवीकडे वाहत गेला
उतारावरच्या पाण्यासारखा.
"नस आहे. जे करायचं ते पंधरा दिवसांत."

आता रोज दुपारी अडीचला
मी काचेच्या नळीत आडवा होतो.
सुती कपडे. घड्याळ नाही, मोबाईल नाही.
पहिल्या दिवशी तबस्सुमनं परत पाठवलं,
केसांना खोबरेल होतं.
"ऑक्सिजनमध्ये तेल चालत नाही, काका."
मला माहीत होतं. मलाच!
एकतीस वर्षं ओझरला
विमानाच्या ऑक्सिजन नळीला
तेलकट हात लावणाऱ्या पोरांना
मी शिव्या घातल्यात.

दार लागतं. दाब चढतो.
"गिळा काका, थुंकी गिळा. दुखलं तर हात वर."
उजव्यात टक् होतं.
डाव्यात काय होतं ते डाव्यालाच ठाऊक.

माझं काम हेच होतं.
कॉकपिट बंद करायचं, आत हवा भरायची
आणि बाहेरून कान लावून फिरायचं,
कुठे फुस्स होतंय ते शोधत.
साबणाचं पाणी नंतर. आधी कान.
सुईच्या टोकाएवढी गळती
हँगरच्या गोंगाटात पकडायचो,
डाव्यानंच.
उजव्यावर माझा कधी भरवसा नव्हता.

आता मी आत, बाहेर तबस्सुम.
तिच्यापुढे काटे आहेत, दिवे आहेत,
तिला कान लावायची गरज नाही.

डाव्यात एक आवाज मात्र मागे राहिलाय,
रात्रंदिवस, बारीक:
फुस्स.
मी उठतो, गॅस बघून येतो,
खिडकीच्या फटीवर हात धरतो.
काय शोधताय, कुमुदिनी विचारते.
ती माझ्या डावीकडे झोपते, चाळीस वर्षं.
पूर्वी तिचं बोलणं
या कानानं ऐकून त्या कानानं सोडायचो.
आता ऐकायला मान वळवावी लागते,
आणि मान वळवली
की उत्तर द्यावं लागतं.

अकरावा दिवस.
कागदावरची निळी रेघ
दहा डेसिबलनं वर सरकली म्हणे.
डॉक्टर म्हणाले, बघू.
मीही वहीत असंच लिहायचो, 'निरीक्षणाखाली',
म्हणजे काही कळलेलं नाही.

दाब उतरला. दार उघडलं.
तबस्सुम डाव्या अंगाला उभी राहून काही बोलली.
मी म्हटलं, काय?
ती परत बोलली.
मी परत म्हटलं, काय?
पहिल्यांदा विचारलं ते ऐकू आलं नाही म्हणून.
दुसऱ्यांदा,
काहीतरी आलं होतं.