सरस

वेंगुर्ल्याच्या बाजारात, आरोंदेकरांच्या दुकानात
सगुण मेस्त्री स्टुलावर बसले
आणि म्हणाले, एकेक दाखव.

पहिला क्लॅम्प निळा, झगझगीत,
अंगावर उडी मारणाऱ्या वाघाचं स्टिकर.
मेस्त्रींनी नखाने रंग खरवडला.
"बाय गो, रंगाक भुला नको.
खारो वारो दोन म्हयन्यांत हेका चाटून खाता."

दुसरा जरा जड. तो त्यांनी कानाशी धरून
नारळ हलवतात तसा हलवला.
आत खुळखुळली
मळसूत्राच्या टोकाची बशी, लाकडाला टेकते ती.
"आत्ताच नाचता!"

तिसऱ्याचे आटे अंगठ्याने वाचले,
चौकोनी, भरदार, कुठे खरखर नाही.
दांड्याला एक टिचकी दिली तर गर्रकन
आपल्याच वजनाने खाली उतरला.
मला वाटलं झालं.
पण मेस्त्रींनी माझ्या हातातली फिनेलची पावती घेतली,
जबड्यात धरली, आवळली,
ओढ म्हणाले.
ओढली. एका कडेने सुटून आली, अलगद, अख्खी.
"म्हणजे हेचो जबडो वाकडो."

आरोंदेकर उठून पंखा वाढवायला गेले.

पाचव्याने पावती फाडली.
फिनेल माझ्या हातात, रुपये जबड्यात.
मेस्त्री पहिल्यांदा हसले.

मला आठ हवे होते.
आठ निळ्यांच्या पैशात हे आले तीन.
"तुमच्यासारखी दोन गिऱ्हाइकं रोज आली,"
आरोंदेकर म्हणाले, "तर पावतीपुस्तकं पुरायची नाहीत."

*

उभादांड्याला, पडवीत,
फणसाच्या चार फळ्या.
रस्ता रुंद करताना पाडलेलं आमचं झाड,
दोन वर्षं सावलीत वाळवलेलं,
अजून हळदीसारखं पिवळं.

दोन क्लॅम्प खालून, एक वरून,
नाहीतर पाट मध्येच कमान धरतो.
मेस्त्रींचा उजवा हात आता कापतो,
म्हणून आवळायचं काम माझं.
मी जोर लावला. मग अजून.
बारा वर्षं बँकेच्या काउंटरमागे
साठून राहिलेला जोर होता तो,
कुणाच्या तरी नरड्यापर्यंत जाऊन परतलेला.
सांध्यांतून सरस ओघळला,
शहाळ्यातल्या मलईसारखा, थेंब थेंब, मग धार.

"पुरे गो पुरे!
सगळो सरस भायर इलो
तर आत धरतलो कोण?"

शाळेत विरुद्धार्थी शब्द होते: सरस, नीरस.
पाच मार्कांना यायचे. मी पाठ केले होते.

अर्धा आटा मागे घेतला.
हाताला कळलं, लाकूड किंचित सैल झालं,
पण सुटलं नाही.

रात्री दोनदा बॅटरी घेऊन उठले.
खाडीवरून ओल येत होती, कुठे होडीचं इंजिन.
तिन्ही क्लॅम्प आपल्या जागी,
जनावरं रवंथ करत बसावीत तसे शांत.
फडक्याला खोबरेल लावून
त्यांचे आटे पुसले. का, ते सांगता येणार नाही.
त्यांना तशी गरज नव्हती.

सकाळी मेस्त्रींनी बोटाच्या पेराने पाट वाजवला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि चहा मागितला.
त्यांच्याकडे याला शाबासकी म्हणतात.

मधल्या क्लॅम्पखाली लाकडाचा तुकडा द्यायला मी विसरले होते.
तिथे एक गोल वळ उठलाय, रुपयाएवढा.
मेस्त्री म्हणाले रंध्याने जाईल. मी नाही म्हटलं.
येणारे-जाणारे विचारतात हा डाग कसला.
पावती, म्हणते मी.

जाताना मेस्त्री एक क्लॅम्प घेऊन गेले,
"चार दिवस व्हयो माका."
दोन महिने होत आले.
परवा गेले होते. त्यांच्या भिंतीवर
त्यांचे स्वतःचे सहा, गंजून एकमेकांना धरून बसलेले,
आणि माझा तो खाली जमिनीवर
बायकोच्या आडाळ्याचा तडकलेला पाट
जबड्यात घेऊन.

"अजून सुकूक नाय," मेस्त्री म्हणाले,
माझ्याकडे न बघता.